फोटोग्राफीची पदवी घ्यावी का? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेची परीक्षा देणार आहे. गुण चांगले मिळतील अशी अपेक्षा आहे. मात्र गेल्या काही वर्षांपासून तिच्या मनात फोटोग्राफीखेरीज दुसरा विचार नाही. पुण्यातील एका खासगी संस्थेत फोटोग्राफीच्या तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घ्यावा, असा तिचा आग्रह आहे. तेथील शुल्क, राहण्याजेवणाचा खर्च आणि कॅमेरा-लेन्सची किंमत मिळून होणारी रक्कम शैक्षणिक कर्ज काढल्याशिवाय आम्हाला झेपणारी नाही. आमच्या गावचे फोटोग्राफर सांगतात की हे काम कोणाच्या तरी हाताखाली राहूनच येते, पदवीचा काही उपयोग होत नाही. मुलीला नाउमेद करण्याची माझी इच्छा नाही. कॉलेजात जाऊन फोटोग्राफी शिकणे खरोखर आवश्यक आहे काय?
— एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : आपल्या परिस्थितीत कर्ज काढून ही पदवी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही आपल्या गावच्या फोटोग्राफरांचे म्हणणे मी अर्धेच मान्य करतो, आणि उरलेला अर्धा भाग आपल्या मुलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असल्याने तो सविस्तर सांगतो.

मान्य असलेला भाग असा. डॉक्टरला किंवा वकिलाला नोंदणी आणि सनद यांशिवाय व्यवसाय करता येत नाही. फोटोग्राफरवर असे कोणतेही बंधन नाही. लग्नाचे काम देणारे कुटुंब, मासिकाचा संपादक किंवा जाहिरातसंस्थेतील कलादिग्दर्शक यांपैकी कोणीही पदवीचा कागद मागत नाही. ते आधी केलेले काम पाहतात, सांगितलेल्या दिवशी काम हाती पडेल का याची खात्री करून घेतात आणि दर विचारतात. तेव्हा केवळ पदवीच्या कागदासाठी हा खर्च करणे योग्य नाही.

आता न पटणारा भाग. फोटोग्राफी ही शाळा-कॉलेजात शिकण्याची गोष्ट नव्हे, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. पण इतिहास त्याला फारसा आधार देत नाही. पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा 1839 मध्ये झाली आणि त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, 1855 मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीचे व्यावसायिक छायाचित्रकार याच वर्गात शिकले. म्हणजे फोटोग्राफीचे संस्थात्मक शिक्षण या प्रांतात जवळजवळ फोटोग्राफीइतकेच जुने आहे.

याच्या उलट बाजूने रघू राय आणि गौतम राजाध्यक्ष या नामवंत छायाचित्रकारांची उदाहरणे नेहमी दिली जातात. रघू राय यांचे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे होते, तर राजाध्यक्ष यांनी मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते. दोघांपैकी कोणाकडेही फोटोग्राफीची पदवी नव्हती, हे खरेच आहे. परंतु रघू राय यांचे थोरले बंधू एस. पॉल स्वतः नावाजलेले छायाचित्रकार होते आणि त्यांच्यामुळेच ते या क्षेत्रात आले. राजाध्यक्ष यांनी पूर्णवेळ फोटोग्राफी सुरू करण्यापूर्वी लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात बरीच वर्षे काम केले. तेथे उत्तम छायाचित्रे कशी मागवली जातात, कशी निवडली जातात आणि कोणत्या कारणांनी नाकारली जातात हे रोज डोळ्यांसमोर घडत असणार. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे. कलाशाळेत शिकल्या, पण कॅमेरा त्या शिकल्या तो पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून. या माणसांना आपण सहजपणे ‘स्वयंशिक्षित’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या जवळ छायाचित्र पाहू आणि पारखू शकणारे कोणी ना कोणी होते.

माझ्या मते फोटोग्राफीच्या शिक्षणाचे मर्म येथे आहे. कॅमेऱ्याची बटणे, शटरचा वेग, ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची कॅमेऱ्याची क्षमता) यांचा परस्परसंबंध हे सगळे आज मोबाइलवर फुकट आणि मराठीतसुद्धा शिकता येते. जे फुकट मिळत नाही ते म्हणजे आपण काढलेली वीस छायाचित्रे टेबलावर मांडल्यावर त्यांतील सतरा बाजूला सारून उरलेली तीन का ठेवली, हे कारणांसह सांगणारा माणूस. घरचे लोक कौतुक करतात आणि इन्स्टाग्रामवर ओळखीची मंडळी पसंतीची खूण करून पुढे जातात. त्यातून उमेद टिकते, नजर मात्र घडत नाही. चांगल्या संस्थेत अशी परखड तपासणी आठवड्यातून एकदा तरी होते, आणि आपल्याइतक्याच धडपडणाऱ्या इतर विद्यार्थ्यांचे काम शेजारीच मांडलेले असल्याने स्वतःच्या कामाची जागाही कळते.

संस्थेकडून मिळणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कृत्रिम प्रकाशाचा सराव. दिव्याचे अंतर दुप्पट केले की विषयावर पडणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो, हा नियम आपल्या मुलीने भौतिकशास्त्रात वाचलाच असेल. पण चेहऱ्यावर नेमका प्रकाश ठेवून मागची भिंत अंधारात कशी न्यायची, यासाठी त्या नियमाचा वापर हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. काचेची बाटली, स्टीलचे भांडे, काळ्यासावळ्या त्वचेवरची चमक, साडे पाच हजार केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) दिवसाचा उजेड आणि तीन हजार दोनशे केल्व्हिनचा पिवळा दिवा एकाच खोलीत आल्यावर होणारा रंगांचा गोंधळ, पडद्यावर दिसलेला लाल रंग छापील पानावर मळकट का उतरतो याचा उलगडा, या सगळ्यांसाठी स्टुडिओ, दिवे, प्रिंटर आणि चुका करण्याची मोकळीक लागते. एवढी सामग्री एकट्या विद्यार्थ्याला विकत घेणे परवडत नाही.

तिसरी गोष्ट आहे ती वेळेची आणि मुदतीची. दयानिता सिंग यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना तबलावादक झाकिर हुसेन यांची छायाचित्रे दीर्घकाळ काढली. तो त्यांचा विद्यार्थिदशेतला प्रकल्प होता, आणि त्याच वाटेने पुढे जाऊन त्यांना 2022 मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. एकाच विषयामागे इतका काळ लागण्याची सवड आणि ते काम ठरल्या मुदतीत पूर्ण करून दाखवण्याची सक्ती या दोन्ही गोष्टी कॉलेजाबाहेर एकत्र क्वचितच सापडतात.

तेव्हा प्रश्न ‘कॉलेज हवे की नको’ एवढाच राहत नाही. आपल्या मुलीने निवडलेली संस्था या तीन गोष्टी देते का, हे आपण पाहायला हवे. माहितीपत्रकातली चकचकीत छायाचित्रे पाहून ते कळणार नाही. प्रवेशाच्या काळात न जाता सत्र चालू असताना मुलीसह एखादा दिवस तेथे जावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या कामाची तपासणी चालू असेल तर बसू देण्याची विनंती करावी. बसू दिले नाही, तर का नाही तेही विचारावे. स्टुडिओ वर्गाच्या वेळेबाहेर विद्यार्थ्यांना मिळतो का, शिकवणारे स्वतः सध्या काम करतात का, कॅमेरा संस्था देते की पहिल्याच महिन्यात महागडा संच घ्यायला लावते, याची चौकशी करावी. सर्वांत खरी माहिती मात्र दोन-तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी देतात. ते आज काय करतात, हे त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलूनच समजून घ्यावे.

एवढे सगळे अनुकूल निघाले तरी बारावीनंतर लगेच ही पदवी घेण्यापेक्षा मी दुसरा क्रम सुचवतो. मुलीने आधी तिला मनापासून आवडणाऱ्या एखाद्या विषयात पदवी घ्यावी, त्या वर्षांत छायाचित्रे काढणे एक आठवडाही थांबवू नये, आणि ओढ कायम राहिली तर नंतर फोटोग्राफीच्या शिक्षणाकडे वळावे. आपल्या देशातील काही नामांकित अभ्यासक्रम मुळात पदवीनंतरचेच आहेत. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर परिसरात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठातील 1982 मध्ये स्थापन झालेल्या जनसंवाद संशोधन केंद्रात स्थिर छायाचित्रण आणि दृश्य संवाद या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. दोन्ही ठिकाणी प्रवेश निवडीने होतो, त्यामुळे शिक्षकांइतकाच सोबतच्या विद्यार्थ्यांचाही लाभ होतो.

हा क्रम सुचवण्यामागे पैशांखेरीज आणखी एक कारण आहे. छायाचित्रकाराला छायाचित्र काढण्याजोगे काहीतरी ठाऊक असावे लागते. संदेश भंडारे यांनी तमाशा आणि वारी यांवर जे काम केले, त्यामागे त्या लोकांमध्ये वर्षानुवर्षे वावरून आलेली समज आहे. ती कोणत्याही लेन्समधून येत नाही. आपण ज्या भागात राहता तेथे पाण्याचा प्रश्न प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी आहे. भूशास्त्र किंवा भूगोल शिकलेली आणि विहिरीचा काठ पाहून खडकाचे थर ओळखणारी मुलगी त्या प्रश्नाची जी छायाचित्रे काढेल, ती शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या, भेगाळलेली जमीन शोधत फिरणाऱ्या छायाचित्रकाराला सुचणार नाहीत. वन्यजीवांची आवड असेल तर प्राणिशास्त्र, माणसांची असेल तर समाजशास्त्र किंवा मराठी साहित्य. विज्ञान शाखेची विद्यार्थिनी असल्याने तिच्यापुढे यांतले जवळजवळ सगळे रस्ते उघडे आहेत.

या सल्ल्याला एक अपवाद आहे. तिला जाहिरात, वस्तूंचे छायाचित्रण किंवा फॅशन यांतच रस असेल, तर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी विचारात घ्यावी. तिच्यात रेखाटन, मांडणी आणि अक्षररचनेच्या बरोबरीने फोटोग्राफीही शिकवली जाते. बारावीच्या कोणत्याही शाखेतून राज्याच्या कला प्रवेशपरीक्षेला बसता येते. छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील शासकीय कला महाविद्यालयांचे शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत फारच कमी असते. मुंबईच्या जे. जे.ला आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्याने तेथील प्रवेशाची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागेल. मात्र परीक्षेत चित्रकलेचे पेपर असतात, म्हणून तयारी आतापासूनच सुरू करायला हवी.

प्रश्न : आमचा इचलकरंजीत फोटो स्टुडिओ आहे. मी शाळेत असल्यापासून वडिलांबरोबर लग्नांच्या ऑर्डरींवर जातो. मोबाइल आल्यापासून स्टुडिओतले काम खूप घटले आहे. मला बाहेर जाऊन रीतसर शिकावेसे वाटते. वडिलांचे म्हणणे असे की जे कॉलेजात शिकवणार ते तुला येतेच. कोणाचे बरोबर?
— बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : वडिलांनी तुम्हाला जे दिले आहे त्याचे मोल कमी लेखू नका. मुहूर्ताच्या क्षणी अंतरपाट खाली येताना कोठे उभे राहायचे, दोन्हीकडच्या मंडळींना न दुखावता त्यांना फोटोसाठी कसे एकत्र आणायचे, मंडपातल्या रंगीबेरंगी दिव्यांत फ्लॅश कसा सांभाळायचा, हे शिकवणारा वर्ग कोठेही नाही. तरीही बाहेर पडण्याची तुमची इच्छा मला रास्त वाटते. एकाच स्टुडिओत वाढलेला मुलगा त्या स्टुडिओच्या सवयीसुद्धा शिकतो, आणि त्या सवयी आहेत हेही त्याच्या लक्षात येत नाही.

बी.कॉम. मात्र सोडू नका. स्टुडिओ बंद पडतात त्याचे कारण बहुतेक वेळा वाईट छायाचित्रे हे नसते. दर ठरवताना कॅमेऱ्याची झीज, एडिटिंगला लागणारे दिवस आणि लगीनसराई संपल्यानंतरचे रिकामे महिने हिशेबात धरलेले नसतात, हे असते. हा हिशेब फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमांत फार थोड्या ठिकाणी नीट शिकवला जातो.

पदवीनंतर तीन वर्षांच्या दुसऱ्या पदवीची तुम्हाला गरज नाही. मुंबई-पुण्यातील वस्तूंचे छायाचित्रण करणाऱ्या एखाद्या स्टुडिओत वर्षभर असिस्टंट म्हणून राहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. तुमच्या आसपास कोणते उद्योग आहेत याचा विचार करा. इचलकरंजीचे कापड आहे, कोल्हापुरी चपला आहेत, शेजारी हुपरीत चांदीचे दागिने घडतात. हा माल आता ऑनलाइन विकला जातो आणि त्यासाठी प्रत्येक वस्तूचे स्वच्छ, खऱ्या रंगाचे छायाचित्र लागते. चांदीचा फोटो काढणे हे अतिशय अवघड काम आहे, कारण चकचकीत धातूला स्वतःचे असे रूप नसतेच; भोवताली जे असेल तेच त्यात दिसते, कॅमेरा आणि फोटोग्राफरसुद्धा. पैंजणाच्या चारी बाजूंनी पांढरे पडदे उभारून, त्या पडद्यांवर प्रकाश टाकून आणि मधूनच काळ्या कागदाची पट्टी ठेवून कडांना उठाव कसा द्यायचा, हे मांडवात शिकता येत नाही. ही विद्या घेऊन गावी परतलात, तर तुम्हाला लग्नाच्या तिथींची वाट पाहावी लागणार नाही.

कायद्याच्या दोन बाबीही समजून घ्या. कॉपीराइट कायदा, 1957 यातील कलम 17 प्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. म्हणजे लग्नाचे फोटो स्टुडिओच्या जाहिरातीसाठी किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचे असतील, तर ॲडव्हान्स घेतानाच तशी लेखी संमती घेणे आवश्यक आहे. दुसरे म्हणजे, 2021 च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमहून जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा असल्यास रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. गावोगावच्या लग्नांत ड्रोन सर्रास उडतात म्हणून हा नियम नाही असे समजू नये. मांडवात शेकडो माणसे, लहान मुले बसलेली असतात.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी छायाचित्रे काढते. नोकरी सोडून एक वर्षाचा पूर्णवेळ फोटोग्राफीचा अभ्यासक्रम करावा असे वाटू लागले आहे. वयाची तिशी जवळ आली आहे. उशीर झाला आहे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : उशीर झालेला नाही, पण राजीनामा देण्याआधी एक काम करा. शनिवार-रविवारी जाता येईल असा एकच विषय निवडा (एखादी मंडई, एखादी वसाहत किंवा नदीकाठचा एखादा टप्पा) आणि वर्षभर त्याखेरीज दुसरे काही काढू नका. पहिले काही महिने उत्साहात जातील. त्यानंतर तेच तेच दिसू लागेल आणि कंटाळा येईल. त्या कंटाळ्याच्या पलीकडे जाऊनही कॅमेरा उचलावासा वाटला, तर अभ्यासक्रमाचा विचार जरूर करा. तेव्हा तुमच्या हाती प्रवेशासाठी दाखवण्याजोगे कामही असेल, आणि आपल्याला नेमके काय येत नाही हेही तुम्हाला ठाऊक असेल. असे विद्यार्थी एका वर्षात जेवढे घेऊन जातात, तेवढे अठरा वर्षांची मुले तीन वर्षांतही घेत नाहीत, असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे.

दरम्यान काम दाखवण्यासाठी जागा शोधा. मुंबईत 1937 पासून चालू असलेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आहे. पुण्यातही छायाचित्रकारांचे गट नियमित भेटतात. स्पर्धांच्या बक्षिसांमागे लागू नका. आपल्यापेक्षा चांगले काम करणाऱ्या दोघा-तिघांनी दर महिन्याला तुमचे काम पाहावे, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ आहे.

प्रश्न : शासकीय खात्यांत छायाचित्रकाराची पदे असतात. त्यासाठी खासगी क्लासचे प्रमाणपत्र चालते काय?
— एक उमेदवार, अमरावती

उत्तर : वर मी पदवीच्या कागदाला कोणी विचारत नाही असे लिहिले आहे, सरकारी नोकरी हा त्याला मोठा अपवाद आहे. पोलीस, पुरातत्त्व, संग्रहालये, माहिती व जनसंपर्क, वैद्यकीय महाविद्यालये अशा ठिकाणी ही पदे जुन्या काळापासून आहेत. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी, 1903 मध्ये, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली होती, जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन येथे झालेले त्यांचे शिक्षण या कामाला साजेसेच होते. आज अशा पदांच्या जाहिरातींत सामान्यतः मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र किंवा पदविका मागितलेली असते, आणि अनेकदा अनुभवाचीही अट असते. खासगी क्लास कितीही चांगला असला तरी त्याला शासनमान्यता नसेल, तर अर्ज छाननीतच बाद होतो.

दहावीनंतर करता येणारा आयटीआयचा ‘डिजिटल फोटोग्राफर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम स्वस्त आहे आणि त्याचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरले जाते. आपल्या जवळच्या कोणत्या आयटीआयमध्ये तो सध्या चालू आहे, हे प्रवेशाच्या संकेतस्थळावर पाहावे. मात्र प्रत्येक खात्याच्या सेवाप्रवेश नियमांत पात्रता वेगवेगळी असते. म्हणून आपल्याला ज्या खात्यात जायचे आहे, त्या खात्याच्या याआधीच्या भरतीची जाहिरात मिळवून त्यातील पात्रतेची अट शब्दशः वाचावी, आणि तीत बसणाऱ्या अभ्यासक्रमालाच प्रवेश घ्यावा. अनुभवाची अट असल्यास स्थानिक वृत्तपत्रात किंवा स्टुडिओत काम करताना नियुक्तिपत्र आणि कामाचा कालावधी नमूद केलेला दाखला त्या-त्या वेळीच मागून घ्यावा. स्टुडिओ बंद पडल्यावर किंवा मालक बदलल्यावर तो मिळवणे जवळजवळ अशक्य होते.